ताईच्या घरची जमीन

मामा कोणाच्याही घरी गेले की चपला काढण्याआधी वाकून जमिनीवर बोटाची पेरं आपटून बघत. ठक वाजलं तर लाकूड, टप वाजलं तर नकली. यजमान "या, बसा" म्हणत दारात उभा, आणि पाहुणा उंबऱ्याशी उकिडवा. बेचाळीस वर्षं लोकांच्या घरांत लाकडी जमिनी बसवून त्यांचे गुडघे गेले होते, पण मत काही गेलं नव्हतं. मत असं, की पायाखाली लाकूड असेल तर ते घर. बाकी सगळं दुधाची तहान ताकावर.

लेक मात्र व्हिनाइल, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, विकायची, तेही त्यांच्याच दुकानात. जुनं घर नव्याने करून घेणारी माणसं आली की ती दोन नमुने पुढे ठेवी. "हे खरं लाकूड. मधूनमधून घासून पॉलिश केलंत तर पन्नास वर्षं जाईल, पण पाण्याला भितं. हे व्हिनाइल. दिसायला तसंच. बादली उपडी केलीत तरी पुसलं की झालं." दहातले आठ जण दुसरा नमुना उचलत. मामा मागच्या स्टुलावरून "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" असं स्वतःशीच, पण गिऱ्हाइकाला ऐकू जाईल इतपत, पुटपुटत. लेक त्यांच्या हातात चहाचा कप देई. कप हातात असला की मामा गप्प बसतात, हे तिला आईने शिकवून ठेवलं होतं.

अशा माणसाच्या सख्ख्या बहिणीने व्हिनाइल मागितलं.

ताई मामांपेक्षा सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मामांचं नाक पुसण्यापासून त्यांना कामाला लावण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. मामांनी स्वतःच्या हिमतीवर बसवलेली पहिली जमीन तिच्याच घरातली. एकतीस वर्षांत ती इतकी झिजली होती की आता रंधा मारायला जाडीच उरली नव्हती. ताईने घराचं काम काढलं, न्हाणीघर रुंद करून घेतलं, भिंती रंगवल्या आणि जमीन तेवढी राहिली. डॉक्टरांनी मामांना गुडघ्यांवर बसायची मनाई केली होती. त्यांनी डॉक्टरांकडून एका जमिनीची सूट मागून घेतली होती. "शेवटची जमीन ताईची. मग हत्यारं माळ्यावर," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते.

आणि मापं घ्यायला गेलेली लेक परत येऊन म्हणाली, "आत्या व्हिनाइल म्हणतेय."

मामांनी तिथल्या तिथे फोन लावला. "ताई, हे काय ऐकतोय मी?"

"पुसायला सोपं पडतं रे."

"सांडणार कोण एवढं? घरात दोघंच तर आहात."

"मला पुसायला सोपं हवंय," ताई म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तावातावाने भांडणारी ताई मामांना ठाऊक होती. एवढ्यावर आटोपणारी ताई त्यांना नवीन होती. पण हट्टाला पेटलेल्या माणसाला असल्या गोष्टी कुठे दिसतात? मामांनी परस्पर ओक लाकडाच्या पट्ट्या निवडल्या, एकेक उलटून-पालटून पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी टेम्पो ताईच्या दारात उभा केला. "आलंय तर राहू दे," म्हणाले. ताईने पुढच्या खोलीतल्या खुर्च्या हलवून जागा केली.

लाकूड आणलं आणि ठोकलं असं करता येत नाही. आधी दहा दिवस ते त्याच घरात रचून ठेवायचं, त्या घराची हवा त्याला लागू द्यायची. नाहीतर बसवल्यावर ते फुगतं, नाहीतर आकसून फटी पडतात. मामा याला "लाकूड सासरी रुळवणं" म्हणत. रोज सकाळी नऊला ते ओल मोजायचा मीटर घेऊन ताईकडे येत, त्याच्या दोन सुया पट्टीत टोचत आणि आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहीत. भिंत नुकतीच रंगवलेली होती, हे त्यांच्या ध्यानात तिसऱ्या दिवशी आलं.

ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, त्या वेळी समोर बसलेले असत. आयुष्यभर भूगोल शिकवलेला माणूस. घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हल्ली ते एकच गोष्ट दोनदा विचारत, कधी मामांना स्वतःचा विद्यार्थी समजत. मामा म्हणत, वय झालं. झोपायच्या खोलीचं दार मात्र कायम बंद. "तिथेही थोड्या पट्ट्या ठेवायला हव्यात," मामा रोज म्हणत आणि ताई रोज म्हणे, "तिथे पसारा आहे, उद्या."

सहाव्या दिवशी ताई औषधं आणायला गेली. "दहा मिनिटांत येते. इथेच बस," असं दोनदा बजावून गेली. ती कोपऱ्यावर वळते न वळते तोच भाऊजी उठले, त्यांनी झोपायच्या खोलीचं दार उघडलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाले, "आत या. नकाशा इथे आहे."

आत नकाशा नव्हता. पसाराही नव्हता. खिडक्या सताड उघड्या, आणि पलंगावर चादरीखाली प्लॅस्टिक. मामांची नजर आधी जमिनीवरच गेली. पलंगाच्या एका बाजूला चार-पाच जुन्या पट्ट्या काळवंडल्या होत्या आणि त्यांच्या कडा वर आल्या होत्या. न्हाणीघराचा नळ गळतोय, मामांना वाटलं. नवीन कारागिरांना शिव्या घालायची ही नामी संधी. ते गुडघ्यांवर बसले, मीटर टोचला. घरभर आठ-नऊ दाखवणारा काटा सव्वीसवर गेला. त्यांनी छिन्नीने एक कड उचलली, वाकून वास घेतला. तो नळाच्या पाण्याचा वास नव्हता.

"पाणी सांडलं हो," भाऊजी हळूच म्हणाले. क्षणभर ते पूर्ण भानावर होते. "तिला नका सांगू. उगाच दमते."

मामांना एकदम सगळं कळलं, आणि इतके दिवस कळलं नाही याची लाज वाटली. भाऊजींना आता लघवी आवरत नव्हती. ताई दीड वर्षात कुठे राहायला गेली नव्हती, जेवायला बोलावलं तर नाही म्हणत होती, आणि मामा चारचौघांत "आमच्या ताईला हल्ली भाव चढलाय" म्हणून हसत होते. रोज रात्री चादरी काढणारी, जमीन पुसणारी, सकाळी नवऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसवणारी ती एकटी होती. तिने फक्त एक गोष्ट मागितली होती, आणि तीही तिचा भाऊ तिला देत नव्हता.

मामांनी कड परत दाबून बसवली, भाऊजींचा हात धरून त्यांना बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं. हे ताईला सांगावं का, यावर त्यांनी पाच मिनिटं विचार केला. सांगितलं असतं तर त्यांना मोकळं वाटलं असतं. तिला वाटलं असतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तिने दीड वर्ष घट्ट धरलेली. ती उलगडायची तर तिनेच उलगडावी.

ताई धापा टाकत आली, तेव्हा मामा पट्ट्यांच्या थप्पीशी तोंड पाडून उभे होते.

"ताई, लाकूड वाईट निघालं."

"काय?"

"माझी निवड चुकली. हे वाकणार. नाहीच बसवता येणार."

बेचाळीस वर्षांत मामांनी स्वतः निवडलेल्या लाकडाला वाईट म्हटलेलं कोणी ऐकलं नव्हतं. ताईने औषधांची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग टाक ते तुझं प्लॅस्टिक." तुझं म्हणाली, जणू हट्ट यांचाच होता. मामांनी तेही पदरात घेतलं.

लेकीने टेम्पोत परत आलेल्या पट्ट्यांना मीटर लावून पाहिला, बापाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजूला काढल्या. मामा म्हणाले, "ताईकडची मीच बसवणार. तू फक्त शिकव."

ते शिकणं बघण्यासारखं होतं. व्हिनाइल कापायला करवत लागत नाही. सुरीने चरा पाडायचा आणि मोडायचं. मामांना ते बिस्किट मोडल्यासारखं वाटलं. पहिली पट्टी खाचेत बसवताना त्यांनी सवयीने हातोडा हाणला आणि कड फुटली.

"बाबा, ठोकायचं नाही. दाबायचं."

"बेचाळीस वर्षं ठोकतोय मी."

"म्हणूनच सांगतेय."

यालाही आधी दोन दिवस घरात ठेवावं लागतं, हे कळल्यावर मात्र त्यांचा राग थोडा निवळला. "म्हणजे अगदीच निर्लज्ज नाही," ते म्हणाले. झोपायच्या खोलीतल्या जुन्या पट्ट्या त्यांनी लेकीला सुट्टी देऊन एकट्याने उपसल्या, काळ्या डागांबद्दल ताईला ऐकू जातील अशा शिव्या न्हाणीघराच्या नळाला घातल्या, खालचं धुऊन वाळवलं, आणि नव्या पट्ट्या इतक्या घट्ट बसवल्या की सांध्यात नखाची कड शिरू नये. गुडघे रात्री ठणकत. बायकोने विचारलं तर "जिने चढलो" म्हणाले.

काम संपलं त्या दुपारी तिघं त्या खोलीतच चहा घेत बसले. भाऊजी एकाएकी उभे राहिले. पँटवर ओल पसरली, मग पायांशी. ताई गोठल्यासारखी बसून राहिली. कप तिच्या हातात तसाच.

मामा उठले, कपडा आणला, गुडघ्यांवर बसून पुसलं. दोनदा कपडा फिरवला, काम झालं. मग भाऊजींना म्हणाले, "चला सर, शर्ट-पँट बदलू," आणि त्यांना न्हाणीघरात नेलं.

परत आले तेव्हा ताईचे डोळे भरले होते. "कधी कळलं तुला?"

"लाकूड वाईट निघालं त्या दिवशी."

ताईने पदराने तोंड पुसलं. मग, दुकानातून काही आणायला सांगावं तसं म्हणाली, "उद्या दोन तास बसशील यांच्यापाशी? मला केस कापून यायचंय. वर्ष झालं."

दीड वर्षात तिने दुसऱ्यांदा काही मागितलं होतं.

"बसेन," मामा म्हणाले. तिने अकराला बोलावलं होतं. ते आठलाच जाऊन बसले.