उलट्या वायरी सोसणारा बोर्ड

साताऱ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये मी बनवलेल्या सर्किट बोर्डातून धूर निघाला, तेव्हा तिथले पवार सर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आमचं परदेशी किट आम्ही कपाटात ठेवतो. मुलांनी ते लांबूनच बघायचं."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीतल्या एका छोट्या कारखान्यात डिझाइन इंजिनिअर होते. आम्ही शेतातल्या पंपांचे स्टार्टर बनवायचो. मायक्रोप्रोसेसर, म्हणजे दिलेल्या सूचना एकामागून एक पाळणारी चिप, आपल्याकडे नुकतीच मिळू लागली होती. मुलांना ती हाताळून शिकता यावी म्हणून स्वस्तातला बोर्ड करू, हे मी आमच्या मालकांच्या, म्हणजे तात्यांच्या, कसंबसं गळी उतरवलं होतं.

झालं होतं एवढंच, की एका मुलीने सप्लायच्या दोन वायरी उलट जोडल्या. चिप गेली. मुलगी रडवेली झाली.

"तिला बोलू नका," सर मला म्हणाले. "मुलं चुकणारच. त्यात टिकेल असा बोर्ड असेल तर आणा."

सांगलीला परतल्यावर मी तात्यांना सांगितलं, "एक डायोड टाकू. तो विजेचा एकेरी रस्ता. वीज उलट बाजूनं आली की तिथंच अडते. पण तो थोडं व्होल्टेज खातो. म्हणून सप्लाय जास्त व्होल्टचा घेऊ आणि पुढे रेग्युलेटर लावू. तो चिपला नेमके पाच व्होल्ट देईल."

"म्हंजी खर्च वाढला."

"बोर्डाभोवतीची पत्र्याची पेटी काढून टाकू. मग दर तोच राहील."

पेटीचा निळा रंग तात्यांनी स्वतः निवडला होता.

"आवं, पेटी न्हाई तर लोक घेणार काय? नुसती हिरवी पट्टी?"

"आतलं सगळं दिसतं, तात्या. शिकणाऱ्याला तेच हवं."

"बरं, काढा. पण ह्या बारीला मी येतो संगं."

साताऱ्यात सरांनी नवा बोर्ड घेतला आणि मुद्दाम वायरी उलट्या जोडल्या. तात्यांनी डोळे मिटले. काहीच झालं नाही. मग सरांनी त्या सुलट केल्या, आणि छोटे लाल दिवे ओळीने पळू लागले. मागच्या खेपेच्या मुलीने पुढे येऊन एक सूचना बदलली. दिवे उलट दिशेने पळाले. अख्खा वर्ग बाकं सोडून टेबलाभोवती जमला.

"प्रत्येक बाकाला एक द्या," सर म्हणाले.

परतीच्या एसटीत तात्या हळूच म्हणाले, "ते दिवं उलटं कसं पळालं, मला बी शिकवा की."

बोर्ड पुढे चांगला खपला. नवशिक्यासाठी काही बनवायचं असेल, तर पहिली चाचणी चुकीच्या वापराची घ्यावी. बरोबर वापरणारे फार उशिरा भेटतात.