केसरीनाथदादांचा सर्व्हर

वडप्याच्या गोदामातला सर्व्हर अडला, तेव्हा केसरीनाथदादांना जाऊन महिनाही झाला नव्हता. गोदाम उभं होतं ते त्यांच्याच भातशेतीवर. जमीन घेताना कंपनीने वर वॉचमनची नोकरी दिली, आणि हा माणूस गेटवर बसल्या बसल्या शिकत शिकत सर्व्हर सांभाळण्यापर्यंत पोचला. इंग्रजीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही. म्हणून त्यांनी डेटाबेसचे सगळे संदेश, रोज थोडे थोडे, आपल्या बोलीत उतरवले.

"मशीन आपल्या गावात ऱ्हातंय ना बाय, मग बोलेल की आपल्यासारखं," असं ते हाताखालच्या धम्मदिनाला सांगत. प्रत्येक भाषांतराला निदान एक वाचक लागतो. ह्याला ती मिळाली.

आज सर्व्हर एकही नोंद घेईना. दाराशी ट्रक खोळंबले. धम्मदिनाने लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहितो ती नोंदवही, उघडला, तर ओळीच्या ओळी चौकोन आणि शिंगं फुटलेली रोमन अक्षरं.

"तुझ्या दादांनी जाता जाता करणी केली काय?" मॅनेजर भूपेशने विचारलं.

"लॉग बरोबर आहे सर. हा नवा कॉम्प्युटर चुकीचा वाचतोय."

तो कॉम्प्युटर दादांच्या माघारी आला होता. सर्व्हर देवनागरीत लिहीत असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिने त्याचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं ओळखण्याची पद्धत, बदललं. शिंगं गळाली आणि दादा बोलू लागले: 'जागा भरत आली हाय. जुनंपानं काय हाय तं काढा.' त्याखाली, जरा चिडून: 'सांगितलं व्हतं. आता जागा न्हाय.'

ती हसली, आणि दोन्ही ओळी पुन्हा एकदा वाचून कामाला लागली. जुन्या फायली हलवल्या. ट्रक सुटले.

"आता हे इंग्रजीत कर," भूपेश म्हणाला. "बंगळुरूच्या सपोर्टवाल्यांना काय कळणार ह्यातलं?"

"मी वाचते ना सर."

"आणि उद्या तू नसलीस तर?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हीच पंचाईत. दादा तरी कुठे सांगून गेले? ड्युटीवर यायला निघाले होते, चप्पल घालता घालता गेले.

संदेशांची भाषा ठरवणाऱ्या एका ओळीचं काम. तिने ती ओळ बदलली आणि सर्व्हर बंद करायला घेतला. बदल लागू होणार होता तो पुन्हा चालू केल्यावर. बंद होताना तो अजून जुन्याच भाषेत होता. त्याने लिहिलं: 'बंद करतो हाय. सगल्यांचं आवरलं ना?'

"नाही दादा," धम्मदिना म्हणाली.

सर्व्हर तिच्यासाठी थांबला नाही, बंद झाला.