मुद्देआबा

रडत आलेल्या माणसाला आबा आधी तांब्याभर पाणी देत, तो पिऊन होईपर्यंत थांबत आणि मग विचारत, "हां. मुद्दा काय शे?" सख्ख्या मेव्हण्यालाही त्यांनी असंच विचारलं होतं. म्हणून सारं गाव त्यांना मुद्देआबा म्हणायचं.

कोर्टातली कारकुनी संपवून ते अमळनेरजवळच्या आपल्या गावी, दलित वस्तीत, राहायला गेले आणि जळगावच्या आमच्या दैनिकात लिहू लागले. पत्रांचं पान माझ्याकडे होतं. कुठे नवरदेवाला घोड्यावरून उतरवलं, कुठे हॉटेलात वस्तीच्या माणसाचा कप वेगळा ठेवला, की आबांचा मजकूर हजर. त्यात एक विशेषण सापडेल तर शपथ! त्यांची एक कसोटी होती. दोन्हीकडच्या जातींची नावं ते बोटाने झाकत आणि उरलेलं मला वाचायला लावत. "घरपट्टी सारखी, मत सारखं, कप वेगळा. आते सांग भाऊ, हाई बरोबर शे का?"

मी चिडायचो. "आबा, नावांबरोबर माणूसही झाकला जातो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायला नको?"

"रडनारा मानूस डोया पुसस आनि घर चालना जास," ते म्हणत. "ज्याले पटस, त्याले पयता येत नही." पटलेल्याला पळता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटत नसे. हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालला, चहाचे कप रिकामे होत राहिले आणि मनातून मला वाटे, म्हातारा कोरडा आहे.

मागच्या पावसाळ्यात त्यांची बायको गेली. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. गावच्या स्मशानभूमीत सरकारी पैशांतून पत्र्याची शेड झाली होती. पण वस्तीतलं प्रेत निघालं की नेमकं फाटकाला कुलूप असायचं आणि किल्लीवाला कुठेतरी बाहेरगावी. कुणी तोंडाने नाही म्हणत नसे, हे विशेष. शेवटी माणसांनी वर ताडपत्री धरली आणि कापसाच्या पऱ्हाट्या, डिझेल घालून नाल्याकाठी अक्काला जाळलं. जाळलं हाच शब्द मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पावसाने चिता मध्येच विझली आणि अर्धवट देहावर पुन्हा डिझेल ओतावं लागलं. आबा ते बघत उभे होते.

काही दिवसांनी ते मजकूर घेऊन आले. शेडचा ठराव, नियम, कुलपाची हकीकत, सगळं जागच्या जागी होतं. अक्का मात्र कुठेच नव्हती. 'एका महिलेचा अंत्यविधी', एवढंच.

"आबा, ती तुमची बायको होती, हे तरी लिहा."

"काबर? दुसरानी बायको राहती ते चालतं का?"

मी त्यांचा मजकूर तसाच छापला आणि त्यांना विचारून शेजारी माझा लेख दिला. त्यात ताडपत्री होती, विझलेली चिता होती, अक्काच्या हातची कळण्याची भाकरी होती. आबांचं वाचून तालुक्याहून साहेब आले, पंचनामा झाला आणि 'स्मशानभूमी सर्वांसाठी खुली आहे' असं लेखी उत्तर मिळालं. माझं वाचून फोनवर फोन आले. यावलच्या एक बाई तर हुंदके आवरेनात म्हणून बोलूच शकल्या नाहीत. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फाटकाचं कुलूप तसंच राहिलं.

"तुनं वाचीसन रडनात, मनं वाचीसन मान हालाई," आबा म्हणाले. "दोन्ही फुकट." त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं नाही, पण बोटाने नावं झाकणं सोडलं. "लिख. बठ्ठास्ना नावं लिख," म्हणायचे, सगळ्यांची, एकही न झाकता.

या पावसाळ्यात आबा गेले. मी पोहोचलो तेव्हा प्रेत अजून अंगणातच होतं आणि गावातले बरेच लोक जमले होते. गावचे सरपंच, नाना, बोलायला उभे राहिले. आबांचा एकेक मुद्दा कसा बिनतोड असायचा, हे सांगता सांगता ते रडू लागले. ते रडणं खरं होतं, मी अगदी समोरून पाहिलं. वस्तीतली माणसं खाली मान घालून बसली होती.

मी नानांच्या जवळ गेलो आणि हळूच विचारलं, "नाना, फाटकाची किल्ली?"

नानांनी उपरण्याने डोळे टिपले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, आज तो विषय नको. आज दुःखना दिवस शे."