सतरा घरांचा धूर

सांगतो, पण तोंडातला चहा आधी गिळून घ्या. मागे हे ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला आणि दोष मला लागला. माणसानं मूर्खपणा करावा, पण तो स्वतःच्या हातानं वहीत टिपून ठेवू नये. मी ठेवला.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, आणि त्यात आमच्या शहापूर तालुक्यात पटकी आली. गावातली दोन माणसं गेली. डॉक्टर विहिरीत लाल औषध टाकून गेला आणि बजावून गेला: पाणी उकळून प्या, एकमेकांच्या घरी जाऊ नका. बायकोपोरांना मी कसाऱ्याला तिच्या भावाकडे धाडलं.

आता कोण धड आहे नि कोण पडलंय, हे कळायचं कसं? ती युक्ती मी काढली. माझं घर टेपाडावर, एकटं. खाली झाडांतून सतरा घरांची नुसती छपरं दिसतात. नेम असा केला: सकाळी प्रत्येकानं चूल पेटवायची. पावसाळ्यातली ओली लाकडं, धुराला काय तोटा? मी वरून बघून वहीत खूण करणार. धूर नाही, तर आजार समजायचा आणि डोली घेऊन धावायचं. डोलीत घातलेला माणूस तीन दिवस गावाबाहेरच्या खोपटात वेगळा राहील. त्याला जेवण दारात पोचेल.

पाटील म्हणाले, "दामूदादा, तुमी रोज लिवताच. मंग तुमीच बघा."

चौथ्याच दिवशी एका छपरावर धूर दिसला नाही. आत म्हातारी एकटीच, पाण्यावाचून पडलेली. डोलीवाले वेळेवर पोचले, वाचली. तेव्हापासून गाव माझ्या वहीला मान देऊ लागलं. मीही देऊ लागलो. घोळ तिथंच झाला.

ओढ्यापलीकडे माझी थोरली बहीण, अक्का. विधवा, एकटी. तिच्या घराची खूण मी सर्वांत आधी करायचो. तिचा धूर दिसल्याशिवाय मला चहा गोड लागत नसे.

एका सकाळी चहा केला, वहीत दिवसाची तिथी घातली, पेला घेऊन अंगणात आलो. अक्काच्या छपरावर धूर नाही.

शेजारी पाहिलं. तिथंही नाही. पाटलांकडे नाही. डोली उचलणाऱ्या धर्माकडे नाही. सतराच्या सतरा छपरं थंड!

एका रात्रीत सगळं गाव गेलं? तुम्ही काय केलं असतंत? मी ओळीनं सतरा फुल्या मारल्या. मग वही पागोट्यात खोचली आणि धावलो.

ओढा कमरेएवढा होता. पलीकडे चढतोय, तोच समोरून चौघे जण डोली घेऊन येताना दिसले. पुढे पाटील.

"अरे, हा बघा! चालत आला!" पाटील ओरडले.

"दादा, कधीपास्नं सुरू झालं?" धर्मानं विचारलं.

मी विचारलं, "तुमी जिवंत कसे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बरळतोय," धर्मा म्हणाला. "आडवा करा."

धोतर ओढ्यात भिजलंय, असं मी तीनदा सांगितलं. पटकीच्या दिवसांत ओल्या धोतराचं कोणतंही कारण कोणी मानत नाही. मला डोलीत घातलं.

एवढ्यात अक्का रडत धावत आली. "दामू! माझ्या भावा!"

"अक्का, तुझ्या चुलीला काय झालं?"

"चुलीला? अरे, आज शिळासप्तमी! आज कोन चूल पेटवतं? जेवन काल रांधलं, पानी बी कालच उकळून ठेवलं, तुझ्याच नेमानं. नि सकाळी बघते तर तुझ्या टेपाडावर धूर! म्हटलं, सनाच्या दिवशी चूल पेटवली, म्हंजे काढाच उकळतोय. माझा भाऊ काय हाती लागत नाय." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "काय उकळत होतास?"

"चहा," मी डोलीतून म्हणालो.



"वही काढ," अक्का म्हणाली. पागोट्यातली वही अगदी कोरडी होती. भिजली असती तर बरं झालं असतं. अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून म्हणाली, "वाच."

मी वाचलं. "श्रावण शुद्ध सप्तमी." अक्षर माझंच, चांगलं वळणदार. खाली सतरा फुल्या.

"उतरवा मला," मी म्हणालो.

"उतरवतो की," पाटील म्हणाले. "खोपटात."

"अहो, मी धडधाकट आहे!"

"डोलीत घातलेला मानूस तीन दिवस वेगळा. कोनाचा नेम?"

नेम माझा होता. खोपटात गेलो. सतरा घरांतून दारात शिळे वडे आले, खाल्ले. खोपटातल्या माझ्या चुलीच्या धुरावर नजर ठेवायला गावानं धर्माला नेमलं. त्याला लिहिता येत नव्हतं. धूर दिसला की तो आपल्या भिंतीवर कोळशानं रेघ ओढायचा. पहिल्या दिवशी खोपटातून धूर निघाला नाही. धर्मानं एकदा खोपटाच्या छपराकडे पाहिलं, आज सप्तमी आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो डोली न उचलता घरी जेवायला गेला.