सर्व्हिसिंगचं पोस्टकार्ड

"मास्तर, तुमचं मशिन कार्डं खात हुतं. मी विलाज केलाय," आप्पा म्हणाले आणि पोस्टकार्डाचा एक कापलेला तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

मी नुकताच दौंडहून परतलो होतो. तिथल्या एका सिमेंटच्या दुकानात हाच प्रोग्रॅम बसवायचं काम चालू होतं. शिरूरमध्ये माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि जोडधंदा म्हणून मी छोट्या धंदेवाल्यांना गिऱ्हाइकांची माहिती ठेवणारे प्रोग्रॅम करून द्यायचो. गावातलंच आप्पांचं ट्रॅक्टरचं गॅरेज हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. नव्वदचं दशक संपत आलं होतं.

प्रोग्रॅम अगदी साधा होता. नाव, गाव, ट्रॅक्टर कुठला, मागची सर्व्हिसिंग कधी झाली. एका माणसाच्या एवढ्या माहितीला आम्ही रेकॉर्ड म्हणतो. महिना सुरू झाला की प्रोग्रॅम तारखा बघायचा आणि कुणाची सर्व्हिसिंग आली ते सांगायचा. सगळं आप्पांच्याच कॉम्प्युटरवर, त्यांच्याच केबिनमध्ये. माझ्याकडे एक कॉपी ठेवू का, असं मी विचारलं होतं. "नगं. गिऱ्हाइकांची नावं आपल्या कुलपात ऱ्हायली पायजेत," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला ते पटलं होतं.

आठवण द्यायची पोस्टकार्डानं. फोन फार थोड्या घरांत होते. कार्डाच्या एका बाजूचा मजकूर आम्ही गावातल्या प्रेसमध्ये छापून घेतला होता, दुसऱ्या बाजूला प्रोग्रॅम नाव-पत्ता छापायचा. प्रिंटर डॉट मॅट्रिक्स, म्हणजे सुयांनी ठिपके मारून अक्षर काढणारा. साधा कागद तो सुरळीत घ्यायचा, पण जाड कार्ड आत शिरताना त्याचा कोपरा अडकायचा आणि कार्ड चुरगळायचं.

आप्पांनी हयात लोखंडात घालवलेली. एखादा पार्ट जागेवर बसेना तर मेकॅनिक त्याची कड तिरकी घासतो. त्याला चॅम्फर म्हणतात. आप्पांनी कार्डांना चॅम्फर मारला होता. पत्रा कापायच्या कात्रीनं प्रत्येक कार्डाचा एक कोपरा तिरका कापला. त्यानंतर एकही कार्ड अडकलं नाही, सगळी छापून झाली आणि आदल्या दिवशी पोस्टातही पडली होती.

"डोकं आहे आप्पा तुम्हाला," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

कोपरा फाटलेलं कार्ड आलं की आमच्याकडे काय समजतात, हे लहानपणापासून मलाही ठाऊक होतं आणि आप्पांनाही. कुणीतरी गेल्याची बातमी. असं कार्ड घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. पण आमच्या डोळ्यांसमोर होता कात्रीनं सरळ रेषेत कापलेला पार्ट. गठ्ठ्यात तर कार्डं कारखान्यातूनच तशी आल्यासारखी दिसली असतील. दोघांच्याही डोक्यात काही आलं नाही.

काही दिवसांनी निमोण्याचे सोपानमामा गॅरेजला आले. आप्पांचे जुने गिऱ्हाईक आणि त्याहून जुने मित्र. ट्रॅक्टर आणला नव्हता, एस.टी.नं आले होते. डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आप्पा, मंगलची सुपारी हुती काल. फुटली न्हाई."

मंगल ही त्यांची थोरली. बारावी झालेली. दौंडजवळचं स्थळ, मुलगा रेल्वेत. मुलीला पुढं डी.एड. करू देऊ, असं पाहुण्यांनी स्वतःहून कबूल केलं होतं, म्हणून पोरगी हरखली होती. सुपारी फुटली की लग्न पक्कं.

"पाव्हणं बसलं हुतं," मामा सांगू लागले. "पोस्टमन आला. दारात मुलाची आत्या उभी हुती, त्यानं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं कोपरा बघितला आन् तिथंच मटकन बसली. माझा थोरला भाऊ मेंढरं घिऊन कोकणात हाय. आमच्या घरात रडारड सुरू झाली. वाचाय कुणी धजंना."

"मग?" आप्पांनी विचारलं.

"मुलानंच वाचलं. ट्रॅक्टरचं ऑइल बदलायची येळ झालीय म्हून. सगळी हसली. मी बी हसलो. पन आत्या हसली न्हाई. आज नगं, पुन्हा चांगला दिस बघू, म्हनली. आन् आज सकाळी निरोप आला, जमत न्हाई."

मामा भांडले असते तर बरं झालं असतं. ते पाणी प्यायले आणि पुढची एस.टी. धरून गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या मोटरसायकलवर आम्ही दौंडकडे, मुलाच्या घरी गेलो. आप्पांनी कोरी कार्डं आणि कात्री पिशवीत घेतली होती. पाहुण्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी मुलाच्या वडिलांना कार्ड कापून दाखवलं, प्रिंटर कसा अडतो ते हातानं करून दाखवलं. वडील शांतपणे ऐकत होते. मुलगा खांबापाशी खाली मान घालून उभा होता.

"कळतंय आप्पा," वडील म्हणाले. "पन सुपारीच्या टायमाला कार्ड दारात आलं ना. उद्या घरात काय बरंवाईट झालं तर समदी पोरीच्या पायगुणाला बोल लावणार. मग तिचंच हाल व्हत्याल."

"चूक माझी हाय. बोल मला लावा. पोरीला कशापायी?"

"बोल कुणालाच न्हाई. च्या घ्या."

चहा घेतला आणि परत आलो.

मी प्रोग्रॅममधून कार्ड छापायचा भाग काढून टाकला, शिरूरमधूनही आणि दौंडमधूनही. आप्पा स्क्रीनवर नावं बघायचे आणि तळेगाव, निमोण्याच्या जीपवाल्यांकडे तोंडी निरोप द्यायचे. धंदा त्यावरही ठीक चालला.

पावसाळ्याआधी सोपानमामा ट्रॅक्टर घेऊन आले. तेव्हा मी गॅरेजमध्येच होतो. आप्पांनी चाचरत विचारलं, "मंगलचं कुठं बघताय का?"

"बघतोय की. येत्यात लोकं. पयलं का मोडलं, ह्येच आधी इचारत्यात."

"काय सांगता मग?"

"खरं त्येच. कॉम्प्युटरच्या कार्डामुळं मोडलं म्हनतो. हसत्यात. आन् वाटंला लागल्यावर म्हनत्यात, दुसरंच कायतरी असंल."

आप्पा ट्रॅक्टरखाली शिरले. मी केबिनमध्ये जाऊन बसलो.

प्रोग्रॅम गिऱ्हाइकाला देण्याआधी मी तो कसून तपासायचो. चुकीची तारीख टाकून बघायची, नाव कोरं सोडून बघायचं. तपासणीत तो कधी नापास झाला नाही, त्या महिन्यातसुद्धा नाही. नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, ऑइलही खरोखरच बदलायला झालं होतं. छापलेला कागद मी फक्त स्क्रीनशी ताडून बघायचो. ज्याच्या दारात तो पडणार, त्याच्या घरातल्या एखाद्या म्हातारीच्या हातात तो आधी देऊन बघावा, असं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही क्लासमध्ये कुणाला शिकवत नव्हतो.