गॅरेजपासून रस्त्यापर्यंत

आमच्या कॅनडातल्या घरासमोर रात्रीत इतका बर्फ पडला, की शेजाऱ्याचं धुराडं तेवढं वर उरलं होतं आणि तेही टाचा उंचावून श्वास घेत होतं. साताऱ्यात सासरे अत्यवस्थ होते. माझ्या बायकोचं, सुषमाचं, विमान चार तासांनी होतं. मी छोटा ट्रॅक्टर काढला आणि अर्धा हिमालय बाजूला सारला. खाली पातळ थर उरला. तो वितळावा म्हणून मी अंगणात सडा घालतात तसं कढत पाणी शिंपडलं. दोन मिनिटांत त्याची काच झाली. ट्रॅक्टर जागच्या जागी असा गरगरला, की मी चारी धाम पाहून आलो.

"आता रांगोळीही घाला," सुषमा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

अख्खा समुद्र आम्ही जेवत, झोपा काढत ओलांडला होता. आता दारापासून रस्त्यापर्यंतची चाळीस पावलं ओलांडता येत नव्हती. इतक्या लांब का आलो, ते मला आठवेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. "कुठवर आलीस गं?" सासऱ्यांचा आवाज पार खोल गेला होता.

"निघालेय, बाबा," गॅरेजमधल्या गाडीत पट्टा बांधून बसलेली सुषमा म्हणाली.

त्यांना इंजिनाचा आवाज ऐकू जावा म्हणून मी ट्रॅक्टर घसरत-घसरत कसाबसा तिच्याजवळ नेऊन नुसताच चालू ठेवला.