गाडीला शिडी कसली लावायची

आमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला शिडी लोखंडी ठोकायची की लाकडी ठेवायची, यावर गावातल्या बाप्यांनी चार दिवस डोकं चालवलं. सरपंचाच्या निवडणुकीला एवढा खल झाला नसेल. ज्या बाईला त्या शिडीवरून रोज चढायचं-उतरायचं होतं, ती दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. ती बाई म्हणजे मी. इतकी वर्षं झाली, तरी तो विषय निघाला की माझं डोकं आजही भणभणतं.

आमचं गाव माण तालुक्यातलं. तिथल्या बायकांना नवरा असतो तो पोस्टातून असतो. कुणाचा मुंबईत गोदीवर, कुणाचा गिरणीत, आमचे हे मिलिटरीत ड्रायव्हर. लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत रजा संपली. मग वर्षाकाठी एकदा यायचे, घराचं छप्पर बघायचे, मेंढरं मोजायचे, भावाबरोबर बसून बोलायचे आणि जायचे. जाताना एसटीच्या थांब्यावर दरवेळी एकच वाक्य. "पेन्शन हू दे, मग तुला घेऊनच फिरतो." मी त्या वाक्यावर वर्षंच्या वर्षं काढली. दुसरं होतं काय माझ्याकडे?

दुष्काळ पडला तेव्हा घरातली मेंढरं निम्म्यावर आली आणि मी खडी फोडायला गेले. सगळा गाव जायचा. त्या कामावर एक धोंडा वरून घरंगळत आला आणि माझ्या उजव्या गुडघ्यावर बसला. साताऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला. हाड जुळलं, पण गुडघा वाकायचा बंद झाला तो कायमचा. चालता यायचं, पाणी आणता यायचं, भाकरी थापता यायच्या, फक्त मांडी घालून बसता यायचं नाही आणि उभ्या चढणीला पाय काम द्यायचा नाही. ह्यांना मी पत्रात कळवलं. उत्तर आलं की काळजी घे आणि थोरल्या भावाला विचारून औषधपाणी कर.

पेन्शन झाली आणि हे आले ते डोक्यात बेत घेऊनच. मिलिटरीची डिस्पोजलमधली, म्हणजे लिलावात काढलेली, एक जुनी ट्रकगाडी घ्यायची, आमच्या भागातली घोंगडी भरायची आणि जिथं पाऊस धो धो पडतो तिकडं नेऊन विकायची. पाटण, कोयनानगर, तिकडच्या जत्रा. पाऊस सरला की खाली पलूस, तासगाव, सांगलीकडचे बाजार. लॉजवर राहायचं नाही, कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायची नाही. गाडीतच राहायचं. खाली माल आणि वर फळ्यांचा माळा करून त्यावर ताडपत्रीचं छप्पर, तिथं झोपायचं. स्टो, दोन भांडी, पाण्याचा पिंप. मला हे सगळं सांगताना ह्यांचा चेहरा असा काही फुलला होता की मी मनात म्हटलं, आता आपले दिवस आले.

मी तर कामालाच लागले. माळ्यावर घालायला दोन वाकळा शिवल्या, जाड, फळी टोचू नये म्हणून. ताडपत्रीला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. मिठा-मिरचीच्या डब्यांना झाकणं घट्ट बसतात का ते बघून ठेवलं, कारण घाटात गाडी हिंदकळते असं ह्यांनी सांगितलं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून हसायच्या. "संसार मांडतीयास का बाहुलीचं लगीन लावतीयास?" मलाही हसू यायचं. कोयनेचं धरण बघायचं होतं मला. एवढं पाणी एका जागी थांबलेलं असतं, यावर माझा विश्वासच बसत नव्हता.

राहिली होती ती शिडी. माळा उंच, माणूसभर उंचीच्या वर, आणि त्याचं दार मागच्या बाजूला, फाळक्याच्या, म्हणजे माल चढवायला खाली पडते त्या फळीच्या, वर. सुताराला सांगून ह्यांनी एक लाकडी शिडी करून घेतली. तिरकी लावायची, रुंद पायऱ्यांची, वरच्या टोकाला दोन आकडे, ते फाळक्याच्या वरच्या दांडीत अडकवायचे. भर दुपारी बाप्ये रानात होते तेव्हा मी ती चढून बघितली. डावा पाय वर, मग ताठ उजवा पाय ओढून त्याच पायरीवर, मग पुन्हा डावा. हळूहळू, पण गेले. वर जाऊन बसले. सगळ्या गावाची छपरं दिसत होती, पार माळावरच्या मेंढवाड्यापर्यंत. खाली हे उभे होते, कमरेवर हात ठेवून. म्हणाले, "जमतंय की तुला." मी म्हटलं, "व्हय, न जमायला काय झालं?" त्या दुपारी मी जेवढी सुखी होते तेवढी आयुष्यात फार वेळा झाले नाही, हे खरं सांगते.

संध्याकाळी थोरले दीर आले, चारदोन भाऊबंद आले, गाडीभोवती फिरले, टायरला लाथा मारून बघितल्या, जसं काय गाडी त्यांनाच चालवायची होती. मग शिडीवर आले.

"लाकडी शिडी जत्रंत ऱ्हायाची न्हाई," थोरले दीर म्हणाले. "रातच्याला काढून ठेवली तर सकाळी चुलीत गेलेली आसंल कुणाच्या तरी."

दुसरा म्हणाला, "आन् चालत्या गाडीत बांधायची कुठं? बाजूला बांधली तर घाटात एसटी घासून जाईल. वर टाकली तर ताडपत्री फाडंल."

"चिखलात पाय रुतंल तिचा," तिसऱ्यानं सांगितलं. "कोयनंकडं काय आपल्यागत खडकाळ हाय व्हय? शिडी घसरली की मानूस खाली."

ह्यांनी मग मिलिटरीचं सुरू केलं. "आमच्या युनिटात गाडीमागं लोखंडी शिडी आसायची. ठोकली की ठोकली. काढा-घाला न्हाई, चोरीची भीती न्हाई. झोपंत बी हाताला लागती."

यातलं खोटं काहीच नव्हतं, हे मी कबूल करते. लाकडी शिडीची कटकट होतीच. पण लोखंडी शिडी म्हणजे सरळ उभी, गाडीला चिकटलेली. गजाच्या गोल पायऱ्या, एका पायाला जेमतेम पुरतील अशा, आणि पहिली पायरीच मांडीइतकी वर. तिथं धडधाकट माणूस हातांनी अंग उचलून चढतो. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याचा पाय पायरीला आपटतो आणि तिथंच अडतो. हे ह्यांना दुपारीच माहीत झालेलं होतं. मला वाटलं, आता हे म्हणतील की तिला चढता येणार नाही, लाकडीच ठेवू. एवढं एक वाक्य.

असा खल रोज चालला आणि चौथ्या दिवशी लोहार ती लोखंडी शिडी घेऊन आला आणि बसते का बघायला तारेनं गाडीला बांधली. पुन्हा सगळे जमले. प्रत्येकानं चढून बघितलं. सत्तरीचा एक म्हातारा मेंढपाळसुद्धा धोतर खोचून दोन पायऱ्या चढला आणि उतरला. उतरल्यावर त्यानंच विचारलं, "पर बाईमानसाचं काय रं गड्या? ती कशी चढायची हिच्यावर?"

मी दाराआडून त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात हात जोडले.

हे म्हणाले, "तिलाच इचारू की." आणि मोठ्यानं हाक मारली, "आगं, भाईर ये. चढून दाव बगू ही."

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण सांगते. थोरल्या दिरासमोर धाकट्याची बायको येत नाही. आलीच तर डोईवरचा पदर नाकापर्यंत ओढून, आणि बोलत तर नाहीच. ते खाली बसलेले असताना ही जिना चढत नाही, बाजेवर बसत नाही, त्यांच्या डोक्याच्या वर तिचा पाय जाईल असं काही करत नाही. आणि थोरले दीर त्या वेळी नेमके गाडीच्या मागं, शिडीच्या पायथ्याशी बाज टाकून तंबाखू मळत बसले होते. म्हणजे मी नऊवारीचा काष्टा सावरत, ताठ पाय आपटत, त्यांच्या डोक्यावरून वर जायचं, आणि भोवती गावातले दहाबारा बाप्ये बघणार.

मी उंबऱ्यापर्यंत आले. पदर ओढला आणि उभी राहिले. तोंडात एवढंच होतं, की आवं ती लाकडी लावा की, मला येतं तिच्यावर चढायला. पण शब्द बाहेर काढायची सोय नव्हती. मागं आत्याबाई होत्या. मी हळूच म्हटलं, "तुमी तरी सांगा." त्या म्हणाल्या, "गप ऱ्हा. थोरला बसलाय."

हे लोकांकडं वळून म्हणाले, "बगा. तिचीच तयारी न्हाई. म्या तर इचारलं."

दोघंतिघं हसले, वाईट नव्हे, सहज. म्हातारा म्हणाला की बाईमानूस घरातच बरं. थोरल्या दिरांनी तंबाखू तोंडात टाकली. लोहारानं विचारलं, मग ठोकू का पक्की? हे म्हणाले, ठोक.

अशी माझी इच्छा चारचौघांत विचारून घेतली गेली. मी आत जाऊन चुलीपुढं बसले आणि मला रडूसुद्धा येईना, अंगाची नुसती आग होत होती.

चार दिवसांनी गाडी गेली. माझ्या वाकळा, माझं अस्तर, माझे घट्ट झाकणांचे डबे, सगळं गेलं. लाकडी शिडी मागं राहिली. ती माळवदाला लावून ठेवली, वर कडबा होता म्हणून. म्हशीची वैरण काढायला त्या शिडीवरून कोण चढत होतं? मीच. रोज सकाळ-संध्याकाळ, पेंढी काखेत मारून. ज्या बाईला शिडी चढवत नाही म्हणून घरी ठेवली, ती बाई. आजूबाजूच्या बायका बघायच्या, पण त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही.

धंदा चांगला चालला. हे मधूनमधून यायचे, पूर्वी रजेवर यायचे तसेच. कोयनेच्या पाण्याचं सांगायचे. रात्री धरणावरचे दिवे पाण्यात दिसतात म्हणे. मी ऐकून घ्यायची आणि ताटात भाकरी वाढायची. गुडघ्याचं मी काढलं नाही, ह्यांनीही काढलं नाही. मीही स्वतःची समजूत घातली होती. मनात म्हणायची, दोष कुणाचा नाही, पायाचा आहे, आणि रीत मोडता येत नाही. असं म्हटलं की दिवस जायचा.

पुढच्या साली आत्याबाईंनी सहज म्हटलं, "मला बी दाव की रं ते धरान. मरायच्या आदी बगीन म्हन्ते." त्यांचे दोन्ही गुडघे धरलेले, भिंतीचा आधार घेतल्याशिवाय उठवत नव्हतं.

हे म्हणाले, "चल की. त्यात काय."

आणि उठले. माळवदाला लावलेली लाकडी शिडी काढली, दोन दोर आणले, गाडीच्या डाव्या बाजूला आडवी बांधून टाकली. शिडीच्या पायांना जुन्या टायरचे तुकडे खिळ्यांनी मारले, चिखलात घसरू नये म्हणून. ताडपत्री फाटली नाही. एसटी घासायची भीती वाटली नाही. चोर आठवले नाहीत. सगळं काम आटपायला एक चहा थंड होईल एवढाच वेळ लागला. थोरले दीर समोरच होते, त्यांनी दोराची गाठ मारायला हात लावला.

मी दाराआड पाखडत होते. सूप खाली ठेवलं आणि दीर रानाकडं गेल्यावर सरळ ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, "ही शिडी गेल्या साली बांधता आली नसती का?"

हे गाठ बघत राहिले. मग म्हणाले, "आली आसती."

"मग?"

हे जे बोलले ते चिडून नाही, समजावून सांगावं तसं बोलले. "इतकी वर्सं बराकीत खाटंला खाट लावून झोपलो. येळंला उठ, येळंला जेव, येळंला सलाम. पेन्शन झाल्यावर एकट्यानं ऱ्हावं, कुनी काय इचारू न्हाई, आसं वाटायचं. तू आली आसतीस तर घर मागं आलं आसतं."

"मग तसं सांगायचं हुतं मला."

"तुला सांगितलं आस्तं. पर गावाला काय सांगनार? बायकू टाकून एकटाच फिरतोय म्हनले आस्ते लोक."

एवढं बोलून ह्यांनी गाठ ओढून बघितली, पक्की होती. लोकांनी ह्यांना नावं ठेवू नयेत म्हणून माझा गुडघा पुढं केला होता. जे घर ह्यांना मागं यायला नको होतं, ते घर चालवताना निकामी झालेला गुडघा. आत्याबाईंना गाडीत चढताना खालून मीच हात दिला, आणि गाडी गेल्यावर परड्यात आले. म्हैस ओरडत होती. कडबा वर होता आणि शिडी गेलेली होती, तेव्हा काठीनं ओढून जेवढा आला तेवढा तिला घातला.